दाराआडचा अंगठा

काडेपेटीहून चपटं, दोन बटणं, आणि बोटाच्या पेराएवढा पडदा. माझ्या टेबलावरच्या या यंत्राला हार्डवेअर वॉलेट म्हणतात आणि ‘बिटकॉइन यात ठेवतात’ असं सगळे सांगतात. पण यात एकही बिटकॉइन नाही. बिटकॉइन असतात एका वहीत. चावडीवर सगळ्यांसमोर टांगून ठेवावी तशी ही वही आहे. जगभरच्या हजारो संगणकांवर तिच्या नकला आहेत आणि कोणत्या पत्त्यावर किती शिल्लक आहे ते कुणीही वाचावं. मात्र त्यातली रक्कम इकडची तिकडे करायची, तर त्या पत्त्याच्या मालकाचा अंगठा लागतो. यंत्रात असतो तो हा अंगठा.

अंगठा म्हणजे एक भलीमोठी गुप्त संख्या. या संख्येवरून गणिताने पत्ता काढता येतो, पण पत्त्यावरून संख्येकडे परत जायची वाट आजवर कुणाला सापडलेली नाही. व्यवहाराचा मजकूर आणि ही संख्या मिळून सही तयार होते. सही खरी की खोटी हे कोणताही संगणक क्षणात ओळखतो, आणि तरी सहीकडे कितीही निरखून पाहिलं तरी संख्या दिसत नाही. मजकुरातला एक आकडा बदलला की सही बाद. त्यामुळे एका कागदावरचा अंगठा उचलून दुसऱ्या कागदावर चिकटवता येत नाही. हे मला गेली काही वर्षं माहीत आहे, आणि अजून त्याची सवय झालेली नाही.

ही संख्या रोजच्या वापरातल्या लॅपटॉपवर ठेवली तर आत शिरलेला कुठलाही व्हायरस ती उचलून नेईल. म्हणून मारेक पालातिनुस आणि पावोल रुस्नाक यांनी प्रागमध्ये तिच्यासाठी वेगळी खोली बांधली. २०१४ साली आलेलं त्यांचं ‘ट्रेझर’ अवघं १२ ग्रॅमचं होतं. कल्पना अशी, की दाराच्या फटीतून कागद आत सरकवायचा, आतल्याने तो वाचायचा, बटण दाबून तुमचा होकार घ्यायचा, अंगठा उठवायचा आणि कागद बाहेर सरकवायचा. अंगठा उंबऱ्याबाहेर येत नाही.

त्या पहिल्या ट्रेझरची पिन टाकायची रीत तर बघत राहावी अशी. संगणकावर दिसतात फक्त नऊ कोरी घरं. कोणत्या घरात कोणता आकडा, ते यंत्राच्या पडद्यावर, आणि दर वेळी जागा बदललेल्या. तुमची प्रत्येक टिचकी संगणकावर कुणी चोरून पाहत असेल, तरी त्याच्या हाती काही लागत नाही. पिन चुकली की थांबायचा वेळ दुप्पट होत जातो आणि सोळाव्या चुकीला यंत्र स्वतःला पुसून टाकतं.

नवं यंत्र पहिल्यांदा सुरू केलं, की ते संख्या जन्माला घालतं आणि ती तुम्हाला १२ किंवा २४ साध्या इंग्रजी शब्दांत सांगतं. ही रीत २०१३ साली ठरली. यादीत बरोबर २०४८ शब्द आहेत, पहिला ‘अबँडन’, शेवटचा ‘झू’, आणि कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. जपानी, कोरियन, स्पॅनिश, अगदी चेक भाषेतही अशी यादी झाली. मराठीत व्हावी असं मला मनापासून वाटतं.

२०४८ का? नाणं अकरा वेळा उडवलं तर छापा-काट्याच्या बरोबर तितक्याच ओळी होतात. म्हणजे एक शब्द हा नाण्याच्या अकरा उड्या. बारा शब्दांच्या १३२. त्यातल्या १२८ खऱ्या नशिबाच्या आणि उरलेल्या चार आधीच्यांवरून हिशोबाने काढलेल्या, लिहिताना चूक झाली तर बहुतेक वेळा पकडता यावी म्हणून. अकरा शब्द तुम्ही डोळे मिटून निवडले, तर बारावा २०४८ पैकी फक्त १२८ शब्दांतूनच येऊ शकतो.

आणि १२८ उड्यांचे प्रकार किती? ३४ वर ३७ शून्यं, जवळपास. आज पृथ्वीवर जितकी माणसं आहेत त्या सगळ्यांच्या शरीरातले सगळे अणू मोजले, तरी ती मोजणी या आकड्याच्या पुष्कळ मागे राहते. चोराने दर सेकंदाला अब्जावधी अंदाज केले तरी तो पोचणार नाही. कुठे नोंदणी नाही, कुणाची परवानगी नाही. संख्या इतकी अफाट आहे की तुमची दुसऱ्याशी जुळणारच नाही, यावरच सगळी भिस्त.

मी ते शब्द लिहिले तेव्हा रात्र होती. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला होता, कारण फोटो काढला की तो न विचारता क्लाउडवर जातो. पडद्यावर एकेक शब्द येत होता. मी पेन्सिलीने कागदावर उतरवत होतो आणि उजवं बटण दाबत होतो. सातवा शब्द लिहिताना हात जरा कापला. हा कागद सापडेल त्याला यंत्राची गरजच नाही, पिनचीही नाही. कुठल्याही कंपनीच्या यंत्रात हे शब्द घातले की अंगठा त्याचा.

म्हणूनच शब्द यंत्राने तुमच्यासमोर निर्माण केलेले असावेत. खोक्यातून शब्द आधीच छापलेलं कार्ड निघालं, तर ते शब्द विकणाऱ्यालाही ठाऊक आहेत. यंत्र बनवणाऱ्याकडूनच घ्यावं. आणि शब्द मागणारा, मग तो कंपनीच्या नावाने आलेला असो की बँकेच्या, चोरच. २०२० मध्ये लेजर या फ्रेंच कंपनीच्या सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं आणि घरचे पत्ते फुटले. पुढच्या वर्षी त्यांतल्या काहींना टपालाने चक्क नवं यंत्र आलं, ‘जुनं असुरक्षित आहे, यात तुमचे शब्द भरा’ अशा पत्रासह. यंत्र बनावट होतं.

यंत्रच चोरीला गेलं तर? क्रॅकेन या बिटकॉइन खरेदी-विक्रीच्या एक्सचेंजच्या सुरक्षा प्रयोगशाळेने २०२० मध्ये दाखवलं, की ट्रेझर पंधरा मिनिटं हातात मिळालं तर विजेचे नेमके झटके देऊन आतली संख्या बाहेर काढता येते. त्यावर तोड म्हणजे शब्दांच्या जोडीला स्वतःचा एक परवलीचा शब्द. तो यंत्रात साठवला जात नाही. मात्र विसरलात तर आठवण करून देणारं कुणी नाही, हेही लक्षात ठेवावं.

आणि मग तो छोटासा पडदा. नवख्याला तो शोभेचा वाटतो. माझ्या मते यंत्राचा जीव तिथे आहे. लॅपटॉप तुम्हाला एक पत्ता दाखवून आत दुसराच पाठवू शकतो. पत्ता कॉपी केला की गुपचूप तो बदलणारे व्हायरस आहेतच. म्हणून पाठवण्याआधी यंत्राच्या पडद्यावरचा पत्ता, सुरुवात आणि शेवटच नव्हे, पूर्ण वाचायचा.

२१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्सचेंजमधून सुमारे दीडशे कोटी डॉलरचं ईथर, म्हणजे बिटकॉइनसारखंच दुसरं चलन, चोरीला गेलं. सह्या करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होती आणि एकाहून जास्त सह्या लागत होत्या. पण चोरांनी संगणकावरचं पान बदललं होतं. तिथे व्यवहार नेहमीचा दिसत होता, आणि यंत्राच्या पडद्यावर जे आलं ते माणसाला वाचताच येण्यासारखं नव्हतं. सह्या करणाऱ्यांनी होकार दिला. सावकाराच्या ओट्यावर आपल्या आजोबा-पणजोबांनी जे केलं तेच हे, न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा. अमेरिकेच्या एफबीआयने या चोरीमागे उत्तर कोरिया असल्याचं जाहीर केलं.

मोठी रक्कम आणण्याआधी मी एक उद्योग केला, आणि तो सगळ्यांनी करावा. थोडेसे पैसे त्या पत्त्यावर पाठवले, पत्त्याची शेवटची सहा अक्षरं माझ्या टेबलावरच्या वहीच्या कोपऱ्यात टिपली आणि यंत्र मुद्दाम पुसून टाकलं. पडदा उजळला तो अनोळखी पाहुण्यासारखा. त्याला माझं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मग कागद समोर धरून एकेक अक्षर निवडत गेलो. चौथं अक्षर झालं की शब्द आपोआप पुरा होत होता. बारावा शब्द संपला, यंत्र क्षणभर थबकलं, आणि बेचाळीस अक्षरांचा पत्ता पडद्यावर आला. मी शेवटची सहा अक्षरं मोठ्याने वाचली आणि वहीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तीच होती.