दूध न पिणारे साप आणि त्यांची पिल्लं

‘सर, तो लाल-काळ्या पट्ट्यांचा साप पाळता येतो का हो?’ सुकापूर परिसरातल्या शाळांमध्ये सापांविषयी बोलायला गेलं की हा प्रश्न हल्ली हमखास येतो. मुलांनी मोबाइलवर एखादी चित्रफीत पाहिलेली असते. परदेशातला कुणी मुलगा प्लॅस्टिकच्या डब्यातून वीतभर लांबीचं रंगीत पिल्लू काढतो, बोटांभोवती गुंडाळून घेतो आणि पुन्हा आत ठेवतो. हा साप म्हणजे अमेरिका खंडातला मिल्क स्नेक. आपण त्याला दूधसाप म्हणू.

‘नाही, पाळता येत नाही’ एवढं सांगून हा प्रश्न मिटवता येतो. पण मग अंडं, पिल्लू, आई यांच्याविषयी बोलायची चांगली संधी आपल्या हातून जाते. म्हणून आधी या सापाची नीट ओळख करून घेऊ आणि मग सुकापूरकडे वळू.

दूधसाप आणि धामण

दूधसाप कॅनडाच्या आग्नेय भागापासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकापर्यंत आढळतात. पूर्वी या सगळ्यांची एकच जात मानत. २०१४ साली जनुकीय अभ्यासावरून तिच्या अनेक जाती केल्या गेल्या. हे साप बिनविषारी आहेत. त्यांना हे नाव मिळालं ते तिथल्या शेतकऱ्यांच्या एका समजुतीवरून. हा साप रात्री गोठ्यात शिरून गाईचं दूध पितो, असं ते मानत.

हे ऐकल्यावर आपल्याला धामण आठवल्याशिवाय राहत नाही. धामण गाईच्या मागच्या पायांना विळखा घालते आणि आचळाला तोंड लावते, ही गोष्ट कोकणात आणि देशावरही घरोघरी सांगितली जाते. हजारो मैलांवरच्या दोन समाजांनी दोन वेगळ्या सापांवर एकच आरोप ठेवला आहे!

आरोप तपासून पाहू. दूध ओढून घ्यायला मऊ ओठ आणि गाल लागतात. तोंड बंद करून आत पोकळी करावी लागते. सापाला असे ओठही नाहीत आणि गालही नाहीत. त्याची दुभंगलेली जीभ हवेतले गंधकण टिपून टाळूतल्या इंद्रियाकडे नेते, चोखायच्या कामाची ती नाही. दात सुईसारखे आणि मागे वळलेले असतात. असे दात आचळात रुतले तर गाय जागेवर उभी राहील का? नागपंचमीला पुढ्यातलं दूध पिणारा साप बहुधा कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो. तहानलेला प्राणी समोर येईल ते पितो.

मग साप गोठ्यात येतो कशाला? गोठ्यात चारा आणि दाणे असतात. त्यामागून उंदीर येतात आणि उंदरांमागून साप. एखाद्या दिवशी गाय दूध कमी देते, त्याच सुमारास गोठ्यात साप दिसतो आणि या दोन घटना एकमेकींना जोडल्या जातात. एकाच वेळी घडलेल्या दोन गोष्टींपैकी एक दुसरीचं कारण असतेच असं नाही, हे वर्गात सांगायला याहून सोपं उदाहरण शोधावं लागणार नाही.

छंद म्हणजे काय काय?

ज्या देशांत कायदा परवानगी देतो तिथे हौशी लोक दूधसापांची पैदास कशी करतात ते पाहू. थंड प्रदेशातले दूधसाप हिवाळ्यात जमिनीखाली स्वस्थ पडून असतात. पैदाशीसाठी हीच परिस्थिती घरात निर्माण करतात. दोन-तीन महिने नर-मादीला अन्न न देता दहा-पंधरा अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात, मग हळूहळू ऊब वाढवतात. वसंत आला असं समजून त्यांचा समागम होतो. सुमारे महिना-दीड महिन्यानं मादी अंडी घालते. एका खेपेस साधारण दहा अंडी असतात, जातीनुसार कमी-जास्त.

ती अंडी ओलसर, भुसभुशीत खनिजाच्या चुऱ्यात अर्धी पुरून २६ ते २८ अंशांत ठेवतात. सुमारे दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. मग प्रत्येक पिल्लाचा डबा वेगळा, कारण दूधसाप ज्या गटातले आहेत त्या गटातले साप दुसऱ्या सापांनाही खातात. भावंडांची त्यातून सुटका नाही!

पिल्लांना उंदराची नुकती जन्मलेली पिल्लं देतात. पण निसर्गात दूधसापाच्या बऱ्याच पिल्लांचं पहिलं खाणं असतं सापसुरळ्या आणि छोटे सरडे. त्यामुळे काही पिल्लं उंदराकडे ढुंकूनही बघत नाहीत. अशा वेळी उंदराच्या पिल्लाला सरड्याचा वास चोळून देतात. चित्रफितीत हे दिसत नाही. हा साप पिंजऱ्यात पंधरा-वीस वर्षं जगतो, हेही दिसत नाही.

अंडं फिरवायचं नाही

या सगळ्या खटाटोपात एक नियम सगळे पाळतात. अंडं ज्या बाजूवर पडलेलं असेल त्याच बाजूवर ठेवायचं. हलवायची वेळ आलीच तर आधी वरच्या बाजूला पेन्सिलीनं हलकी खूण करायची.

शिक्षकांना इथे प्रश्न पडायला हवा. खुडूक कोंबडी तर आपली अंडी दिवसातून अनेकदा फिरवते. तिनं ती फिरवली नाहीत तर पिल्लं नीट वाढत नाहीत. मग सापाचंच अंडं का फिरवायचं नाही?

कोंबडीचं अंडं बशीत फोडून पाहा. बलकाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पीळदार दोऱ्या दिसतील. अंडं कसंही फिरलं तरी या दोऱ्यांच्या आधारानं बलक आत गोल फिरतो आणि ज्या ठिपक्यापासून पिल्लू वाढतं तो ठिपका वरच राहतो. सापाच्या अंड्यात अशा दोऱ्या नसतात आणि पांढरं अगदी थोडं असतं. वाढणारा गर्भ वरच्या बाजूला कवचाच्या आतल्या पडद्यांशी जोडला जातो. त्याच्या रक्तवाहिन्या तिथे पसरतात आणि कवचातून आत येणारा प्राणवायू घेतात. अंडं उलटं केलं तर बलकाचं ओझं गर्भावर येऊ शकतं, पडदे ताणले जाऊ शकतात. कासवांच्या अंड्यांत हा धोका फार मोठा असतो. म्हणूनच कोकण किनाऱ्यावर वेळाससारख्या ठिकाणी कासवांची अंडी सुरक्षित जागी नेताना ती जपून, न फिरवता नेतात. सापांची अंडी थोडंफार सोसतात, पण कोणतं अंडं किती सोसेल हे बाहेरून कळत नाही.

दुसरा फरक कवचाचा. सापाच्या अंड्याचं कवच चिवट, चामड्यासारखं असतं. ते भोवतालच्या ओलसर मातीतून पाणी शोषतं, त्यामुळे अंडं वाढतं, फुगतं. कोरड्या जागी तेच अंडं सुरकुतून आत दबतं. मादी कुजलेल्या पाल्यात, जुन्या बिळात, वारुळात किंवा भिंतीच्या फटीत अंडी घालते, ती अशा ओलाव्यासाठी आणि उबेसाठी.

आई कुठे आहे?

दिवस भरले की पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाला एक छोटा धारदार दात असतो. त्यानं ते कवचाला आतून चिरा पाडतं. कोंबडीच्या पिल्लाच्या चोचीवर असते ती शिंगासारख्या पदार्थाची गाठ, सापाचा मात्र खरा दात. काम झालं की तो गळून पडतो. चीर पाडल्यावर पिल्लू लगेच बाहेर येत नाही. डोकं बाहेर काढून बरेच तास, कधी दिवसभरही ते तसंच थांबतं. या वेळात उरलेला बलक पोटात ओढला जातो. ही त्याची शिदोरी. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत पहिली कात टाकेपर्यंत ती पुरते, मग पिल्लू शिकारीला लागतं.

त्याला शिकवतं कोण? कुणीच नाही. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून त्यांना ऊब देते, नागराजाची मादी पाल्याचं घरटं करते. पण आपल्या पिल्लांना भरवणारा साप एकही नाही. काय खायचं, कसं पकडायचं, घाबरल्यावर काय करायचं, हे सगळं पिल्लू अंड्यातून घेऊनच येतं. विषारी सापाचं पिल्लूही पहिल्या दिवसापासून विषारी असतं. आपण ‘पाळतो’ तेव्हा पिल्लाची कोणतीही गरज भागवत नाही. गरज असते ती आपलीच.

सुटलेल्या सापांची गोष्ट

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार इथले साप पकडणं किंवा पाळणं हा गुन्हा आहे. या कायद्यातली ‘शिकारी’ची व्याख्या मुलांना जरूर सांगावी. सापळ्यात पकडणं तर तीत येतंच, पण पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणं, अंडी किंवा घरटं विस्कटणं हीसुद्धा शिकारच. परदेशी प्राण्यांबाबतही नियम कडक होत आहेत. २०२० साली केंद्र सरकारनं ते बाळगणाऱ्यांना माहिती जाहीर करायला सांगितलं. २०२२ च्या दुरुस्तीनं आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीतल्या प्राण्यांची नोंदणी कायद्यात आणली.

हा कडकपणा कशासाठी? स्पेनच्या ताब्यातल्या ग्रान कनारिया बेटाकडे पाहू. दूधसापाचा सख्खा भाऊ शोभेल असा कॅलिफोर्निया किंगस्नेक तिथे हौसेखातर आणला गेला. काही साप निसटले किंवा सोडले गेले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते रानात दिसू लागले. त्या बेटावर मूळचा एकही साप नव्हता, त्यामुळे तिथल्या सरड्यांना साप ठाऊकच नव्हता. जगात फक्त त्या बेटसमूहात सापडणारा एक मोठा सरडा किंगस्नेक पोचले त्या भागांतून जवळजवळ नाहीसा झाला. एका डब्याचं झाकण नीट न लावल्याची किंमत कुणी मोजली, ते मुलांना विचारा.

सुकापूरची अंडी

आता आपल्या अंगणात येऊ. पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गाढी नदीच्या अंगाला सुकापूर आहे. जिथे भातखाचरं होती तिथे आता इमारती उभ्या आहेत, आणखी होत आहेत. जुना बांध फोडताना, पाया खणताना किंवा दगडविटांचा ढीग हलवताना पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली अंडी निघू शकतात. ती धामणीची असतील किंवा पाणदिवडाची, नागाचीही असतील. बाहेरून सांगता येणं कठीण. पावसाळ्यात हीच पिल्लं तळमजल्यावरच्या घरांत, शाळेच्या न्हाणीत येतात आणि झाडूनं मारली जातात.

सगळ्यांत जास्त गफलत होते ती कवड्या आणि मण्यार यांच्यात. कवड्या बिनविषारी. पाली खायला तो घरात शिरतो. मण्यार अतिशय विषारी. दोघांच्याही गडद अंगावर पांढुरके पट्टे. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मोठ्या मण्यारीचे बहुधा उलट, शेपटीकडे ठळक. पण मण्यारीच्या पिल्लांत पट्टे पुढेही स्पष्ट असतात, त्यामुळे या खुणेवर भरवसा ठेवून हात घालायचा नाही. गंमत म्हणजे दूधसापाचीही हीच कथा आहे. काही ठिकाणी तो विषारी प्रवाळसापासारखा दिसतो. शत्रूला चकवायला ही नक्कल उपयोगी, पण माणसापुढे तीच जिवावर बेतते.

अंडी किंवा पिल्लू दिसलं तर काय करायचं? हात लावायचा नाही, मुलांना लांब करायचं आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. अंडी उघडी पडली असतील तर कुणी येईपर्यंत तिथलं काम थांबवून तो कोपरा सावलीत राहील असं बघायचं. पुढचं काम वनविभागाचं आणि त्यानं नेमलेल्या सर्पमित्रांचं. ते अंडी ओलसर मातीत ठेवून बाहेर आलेली पिल्लं रानात सोडतात. आणि कुणाला दंश झालाच तर चिरा पाडणं, आवळून बांधणं, मांत्रिक यांत वेळ न घालवता १०८ ला फोन करून सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं. मण्यारीचा दंश दुखत नाही, सुजतही नाही, म्हणून तो अंगावर काढायचा नाही.

वर्गात करून पाहा

सापाचं अंडं वर्गात आणायचं नाही, पण त्याचा नमुना करता येतो. कोंबडीचं कच्चं अंडं व्हिनेगरमध्ये बुडवून दोन दिवस ठेवा. बुडबुडे येतात आणि चुन्याचं कवच विरघळून जातं. उरतं ते मऊ, चिवट पडद्यातलं अंडं. हलक्या हातानं धुऊन त्याचं वजन करा. एक दिवस साध्या पाण्यात ठेवून पुन्हा वजन करा. मग एक दिवस साखरेच्या घट्ट पाकात ठेवा. वजन कधी वाढलं, कधी घटलं? पडदा फाटलेला नसताना पाणी आत-बाहेर गेलं कसं? (अंडं खायचं नाही, हात साबणानं धुवायचे.)

जिवंत पिल्लू बाहेर येताना पाहायचं असेल तर पालीची अंडी शोधा. शाळेच्या कपाटामागे, घड्याळामागे पांढरी, टणक, बहुधा दोन अंडी असतात. जागेवरून न हलवता तारीख लिहून ठेवा आणि रोज लांबून पाहा. एक दिवस तिथे फक्त रिकामी कवचं असतील आणि नखाएवढं डोकं असलेली पाल भिंतीवर डासामागे धावत असेल. तिला कुणी काही शिकवलेलं नसेल. धामणीचं पिल्लूही असंच बांधावरून निघून जातं, जर बांध शिल्लक असेल तर.