नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलंय? स्कूटरचा खर्च टॅक्समध्ये असा दाखवा (माझ्या हिशोबासकट)

मागच्या सप्टेंबरअखेर मी पुण्यातली सॉफ्टवेअर कंपनीतली सेल्सची नोकरी सोडली. आता भोसरी, चाकण, रांजणगाव भागातल्या छोट्या कारखान्यांना बिलिंगचं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर कमिशनवर विकतो. सॉफ्टवेअर दुसऱ्याचं, फिरणं माझं. दिवाळी पाडव्याला नवी स्कूटर घेतली आणि डिकीत एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. पेट्रोल भरलं की पावती पिशवीत. म्हटलं, मार्चनंतर सगळ्या पावत्या एकदम सीएकडे देऊ.

जानेवारीत पिशवी उघडली तर आत नुसते पांढरे कागद! पंपावरची पावती थर्मल कागदावर छापतात. त्यात शाई नसते, उष्णतेने कागदच काळा होतो आणि तसाच उन्हाने, गरमीने पुसलाही जातो. आणि स्कूटरची डिकी म्हणजे तर भट्टीच.

मग पुढचे दोन महिने फोनवरून सगळं परत कसं जमवलं आणि त्यातून किती पैसे वाचले, तेच इथे सांगतोय.

आधी हे बघा: तुम्हाला हे करायची गरज आहे का?

यूट्यूबवर "बाईकचा खर्च दाखवा, टॅक्स वाचवा" असे ढीगभर व्हिडिओ आहेत. त्यातले बरेचसे एक गोष्ट सांगतच नाहीत. छोट्या धंद्यांसाठी कायद्यात अंदाजे नफ्याची सोय आहे. धंदा असेल तर कलम ४४एडी: बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या ६ टक्के, रोखीने आलेल्याच्या ८ टक्के हा किमान नफा धरतात. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आयटीवाले असे ठरावीक व्यवसाय असतील तर कलम ४४एडीए: तिथे जमेच्या ५० टक्के. खरा नफा त्याहून जास्त झाला असेल तर जास्त दाखवायचा. या पद्धतीत पेट्रोल, सर्व्हिसिंग, घसारा सगळं त्या टक्केवारीतच आलं असं कायदा मानतो. त्यावर स्कूटरचा खर्च वेगळा वजा करता येत नाही. म्हणजे तुम्ही फ्रीलान्स ॲप डेव्हलपर असाल आणि ५० टक्क्यांवर आयटीआर-४ भरणार असाल, तर पेट्रोलची पावती जपून टॅक्समध्ये काही फरक पडणार नाही.

पण माझं उत्पन्न कमिशनचं आहे. कमिशन आणि दलालीवर काम करणाऱ्यांना ४४एडी लागू होत नाही. विमा एजंट, प्रॉपर्टीचे एजंट, माझ्यासारखे कमिशनवर माल विकणारे, या सगळ्यांना नेहमीसारखा हिशोब ठेवून आयटीआर-३ भरावा लागतो. आणि तिथे स्कूटरचा खरा खर्च मोजला जातो.

अजून एक गैरसमज. "नवीन कररचना घेतली की सगळ्या वजावटी गेल्या" असं मलाही वाटायचं. गेल्या त्या ८०सी वगैरे. धंद्याचा खर्च हा नफा काढतानाच वजा होतो, तो नव्या रचनेतही तसाच चालतो.

काय धरता येतं

पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर, विमा, पार्किंग, आणि गाडी कर्जावर असेल तर त्याचं व्याज. पूर्ण ईएमआय नाही बरं का! हप्त्यातलं मुद्दल म्हणजे उसने पैसे परत करणं, तो खर्च नव्हे. व्याज किती, ते बँकेच्या ॲपमध्ये कर्जाच्या स्टेटमेंटवर वेगळं दिसतं.

ट्रॅफिकचं चलन अजिबात नाही. कायदा मोडल्याचा दंड धंद्याचा खर्च म्हणून चालत नाही, भले तुम्ही क्लायंटकडेच जात असा. (माझी दोन होती. लाज वाटली, पण सीएला विचारून बघितलं.)

गाडीची किंमत एकदम वजा होत नाही, दरवर्षी घसारा मिळतो. स्कूटर, बाईक आणि स्वतः वापरायच्या कारला तो १५ टक्के, आणि पुढच्या वर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के. यात एक मेख आहे. ज्या वर्षी गाडी घेतली त्या वर्षी ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर घसारा निम्माच मिळतो.

आता २०२५ चं कॅलेंडर काढा. दसरा होता २ ऑक्टोबरला. तिथून ३१ मार्चपर्यंत १८१ दिवस. पाडवा २२ ऑक्टोबरला, तिथून १६१ दिवस. दोन्ही साडेतीन मुहूर्तांतलेच! आई म्हणत होती दसऱ्याला घे, मी म्हटलं शोरूमला गर्दी असेल, पाडव्याला बघू. त्या वीस दिवसांत माझा निम्मा घसारा गेला. कायमचा गेला असं नाही, उरलेली किंमत पुढच्या वर्षांत जाते. पण मला तो यंदा हवा होता. आणि नुसतं बुकिंग करून भागत नाही, गाडी त्या तारखेला कामासाठी वापरात आलेली हवी.

गाडी बाबांच्या नावावर असेल तर? तुम्ही कामासाठी भरलेलं पेट्रोल धरता येतं, घसारा नाही. तो मालकाला मिळतो. आणि स्वतःची घेताना शोरूमला रोख देऊ नका. एका दिवसात एकाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर ती रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरली जात नाही.

सगळा वाद टक्क्यांचा

स्कूटरवर मी चाकणला जातो तसा सिंहगडावर भजी खायलाही जातो. कलम ३८ सांगतं की वस्तू काही कामाला आणि काही घरी वापरली, तर कामाचा वाजवी वाटाच धरा. हा वाटा किती ते मनाने ठरवायचं नाही, किलोमीटरने दाखवायचं. माझा एक मित्र म्हणाला, "टाक की शंभर टक्के, कोण बघतंय?" माझ्या सीए मॅडमनी फक्त एवढंच विचारलं, "घरी दुसरी गाडी आहे का?" नव्हती. एकुलत्या एका स्कूटरवर माणूस भाजी आणायलाही कधी जात नाही, हे कोणाला पटेल?

आणि दंड साधा नाही. ज्या खर्चाला काहीच पुरावा नाही असा खर्च दाखवणं कलम २७०ए मध्ये "चुकीची माहिती" या गटात येतं. त्याचा दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्के.

फोनवर मी काय केलं

पावत्या तर गेल्या. पण पेट्रोल मी नेहमी यूपीआयने भरलं होतं, त्यामुळे बँकेच्या स्टेटमेंटवर तारीख आणि रक्कम होती. ते पीडीएफ काढलं. यूपीआयवरून पैसे दिले हे कळतं, कुठे आणि कशासाठी गेलो ते मात्र कळत नाही. त्यासाठी फोनचं कॅलेंडर उघडलं, त्यात डेमोच्या वेळा होत्या. व्हॉट्सॲपवर क्लायंटनी पाठवलेली लोकेशन होती. "सर गेटवर आलोय" असे माझेच मेसेज होते. दोन रविवार घालवून एक शीट भरली.

मॅप्सच्या टाइमलाइनवर भिस्त ठेवू नका. ती आता फोनवरच साठते, नव्याने चालू केली तर तीन महिन्यांपूर्वीचं आपोआप पुसलं जाईल असं सेटिंग असतं, आणि बॅकअप नसेल तर फोन बदलल्यावर सगळं गेलं. वापरायचीच असेल तर सेटिंगमध्ये जाऊन पुसण्याची मुदत बदला आणि बॅकअप चालू करा.

जानेवारीपासून मी साधा जुगाड केला. गूगल फॉर्म्समध्ये चार प्रश्नांचा फॉर्म बनवला: कुठे, कोणाकडे, निघतानाचं मीटर, पोचल्यावरचं मीटर. फॉर्म क्रोममध्ये उघडून वरच्या तीन टिंबांतून होम स्क्रीनवर टाकला. आता तो ॲपसारखा आयकॉन दिसतो. हेल्मेट काढायच्या आत वीस सेकंदांत भरून होतो. तारीख-वेळ फॉर्म स्वतःच नोंदवतो आणि सगळं एका शीटमध्ये जमा होतं. तारीख आपण टाइप केलेली नसते, म्हणून ही नोंद मागाहून बनवलेल्या वहीपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

पावतीचा फोटो पंपावरच काढतो, गाडी बाजूला घेऊन. आणि १ एप्रिल व ३१ मार्चला मीटरचा फोटो. हे दोन फोटो नसतील तर एकूण किलोमीटर किती, तेच सांगता येत नाही.

आता आकडे

पाडव्यापासून ३१ मार्चपर्यंत स्कूटर ७,९०० किमी चालली. शीटप्रमाणे कामाचे ५,५३०. म्हणजे बरोबर ७० टक्के.

पेट्रोल १८,४००, सर्व्हिसिंग २,६००, विम्याचा या वर्षाचा वाटा १,०००, कर्जाचं व्याज ३,०००. एकूण २५,०००, त्याचे ७० टक्के १७,५००. स्कूटरची किंमत १ लाख, निम्मा घसारा साडेसात टक्के म्हणजे ७,५००, त्याचे ७० टक्के ५,२५०. दोन्ही मिळून २२,७५०.

एवढ्याशा रकमेसाठी एवढा आटापिटा? मलाही तसंच वाटलं होतं. पण माझं बाकीचं गणित बघा. सहा महिन्यांचा पगार ६,६०,०००, त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली, उरले ५,८५,०००. कमिशन ७,१०,०००, त्यातून लॅपटॉपचा घसारा, इंटरनेट, छपाई असा ७५,००० खर्च गेला, उरले ६,३५,०००. बेरीज १२,२०,०००.

नव्या रचनेत २०२५-२६ साठी करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. १२ लाखांच्या किंचित वर गेलात तर जेवढं वर तेवढाच कर, म्हणजे मला २०,०००, वर ४ टक्के सेस, एकूण २०,८००. स्कूटरचे २२,७५० वजा केले की उत्पन्न ११,९७,२५० होतं. कर शून्य. कमिशनवर २ टक्क्यांनी कापलेला १४,२०० रुपयांचा टीडीएससुद्धा परत मागता आला.

काठावर असाल तरच इतका फरक पडतो, हे खरं. तुमचं एकूण उत्पन्न ८ लाख असेल तर यंदा स्कूटर दाखवा किंवा नका दाखवू, कर शून्यच. उलट घराचं कर्ज काढायचं असेल तर बँक रिटर्नमधलं उत्पन्न बघते, त्याचाही विचार करा. मात्र झालेला खर्च नोंदवून ठेवायला काही जात नाही.

हे रिटर्न १९६१ च्या कायद्याप्रमाणेच आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, त्यामुळे पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये कलमांचे नंबर वेगळे दिसतील.

माझ्या फॉर्ममध्ये या एप्रिलपासून पाचवा प्रश्न घातलाय: पार्किंगला किती दिले. चाकणला एका कंपनीबाहेर दर वेळी दहा रुपये जातात आणि तो माणूस पावती देत नाही.