जाळं कोणी कापलं?

तुमचं लहानपण दूरदर्शनसमोर गेलं असेल, तर 'एक अनेक और एकता' हे नाव ऐकताच चाल ओठांवर आली असेल. हा लघुपट १९७४ सालचा, जेमतेम सात मिनिटांचा. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, ॲनिमेशन भीमसैन यांचं आणि संगीत 'दो आँखें बारह हाथ'च्या वसंत देसाईंचं. त्यातला कोवळा आवाज तेव्हा अगदी लहान असलेल्या साधना सरगम यांचा.

पन्नास वर्षं झाली, तरी हा लघुपट शिळा का होत नाही?

पहिलं कारण त्याच्या नावातच आहे. छोटा भाऊ 'अनेक' म्हणजे काय विचारतो. ताई व्याख्या सांगत बसत नाही. सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांकडे बोट दाखवते. आधी एक, मग अनेक आणि हे दोन्ही नीट कळल्यावरच एकता. मी एमबीएला टीमवर्क शिकलो ते तक्त्यांवरून. इथे तेच एका चिमणीपासून सुरू होतं.

दुसरं कारण म्हणजे जुन्या गोष्टीत केलेला बदल. मूळ कथा पंचतंत्रातली. तिथे कबुतरांचा राजा चित्रग्रीव हुकूम देतो आणि त्याचा मित्र, हिरण्यक उंदीर, जाळं कुरतडतो. लघुपटात राजाच नाही. अडकलेल्यांपैकीच एक शहाणी चिमणी युक्ती सुचवते. पाहणाऱ्या मुलाला वाटतं, हे मलाही सुचू शकतं.

तिसरं कारण मला माझ्या मुलीमुळे कळलं. इथे वेस्ट विंडसरमध्ये, घरच्या टीव्हीवर तिला हा लघुपट दाखवला. चिमण्या जाळ्यासकट उडाल्या तसा मी म्हणालो, "बघ, ही एकी!" ती म्हणाली, "पण बाबा, त्या अजून जाळ्यातच आहेत ना?"

खरंच की! आपल्या लक्षात राहतं ते उड्डाण. पण एकीमुळे चिमण्या फक्त मित्रांपर्यंत पोहोचल्या. जाळं कापलं ते उंदरांनी. ते ना त्यांच्या थव्यातले, ना त्यांच्या जातीचे.

ही मुलगी जन्मली त्या रात्री गुडघाभर बर्फ पडला होता. आपली मराठी मंडळी धावून आली. कुणी फोनवर धीर दिला, कुणी डबा करून ठेवला. पण गाडी बर्फाखाली होती. ड्राइव्ह-वे मोकळा केला तो शेजाऱ्याने. तोवर आमची ओळख 'हॅलो'च्या पुढे गेलेली नव्हती.

तेव्हा या शनिवारी-रविवारी मुलांना हा लघुपट जरूर दाखवा. 'एकी हेच बळ' सांगून थांबू मात्र नका. त्यांना विचारा, आपले उंदीर कोण? आणि मग स्वतःलाही विचारा, आपण कुणाचे उंदीर झालो आहोत का?