पैनगंगेच्या थडीवरची नक्षी

महागावला समुद्र नाही. सरळ रेषेत मोजलं तरी जवळचा किनारा पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. ओहोटीला शंख-शिंपले वेचत हिंडण्याची चैन कोकणातल्या पोरांची, आपल्या नशिबी ती नाही, असं इथल्या माणसाला वाटलं तर नवल नाही. पण वाहून आणून काठावर टाकणं ही काही एकट्या समुद्राची मक्तेदारी नव्हे. वाशीमकडच्या डोंगरात उगम पावलेली पूस पुसद मागे टाकून महागाव तालुक्यात उतरते आणि पैनगंगेला मिळते. या दोघी पावसाळाभर जे काही आणून टाकतात ते पाहायचं, तर मार्च-एप्रिलमध्ये पाणी उतरल्यावर थडीवर जावं. धनोड्याहून माहूरला जाताना पैनगंगेचा पूल लागतो. पुलावरून नुसती रेती आणि गोटे दिसतात. उकिडवं बसून पाहिलं, की तीच रेती बोलायला लागते.

बहुतेक गोटे काळे, बसाल्टचे. त्यांच्यात मधूनच एखादा मळकट पांढरा, खरबरीत, मुठीत मावणारा गोटा असतो. आपण त्याला गारगोटी म्हणून सोडून देतो. तो फुटलेला मिळाला तर नशीब, कारण आतल्या बाजूला करड्या, दुधी, मधाळ रंगाच्या रेघा एकीत एक बसलेल्या असतात. बाहेरच्या रेघेने जिथे बाक घेतला असेल, तिथे आतली प्रत्येक रेघ तोच बाक घेते. मध्यभागी बहुधा स्फटिकांचे बारीक दाणे असतात. गोटा ओला करून उन्हात धरा, रेघा आणखी उठून दिसतात. हा अकीक.

त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरांवर थर पसरले. सोडा वॉटरच्या बाटलीत येतात तसे त्या लाव्हात वायूचे बुडबुडे होते. लाव्हा थिजला आणि बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने विरघळलेली सिलिका या पोकळ्यांत आणली आणि ती भिंतीपासून आत, थराथराने साचत गेली. म्हणून सगळ्यात बाहेरची रेघ सगळ्यात जुनी. भोवतीचा बसाल्ट उन्हापावसाने कुजला, त्याची काळी माती झाली. अकीक मात्र काठिण्याच्या मोजपट्टीवर जवळपास 7 वर बसतो, तो झिजता झिजत नाही. खडकाची माती झाली आणि खडकातला बुडबुडा तेवढा दगड होऊन उरला. नदीच्या गोट्यांत हात घालून आपण उचलतो तो एका बुडबुड्याचा साचा असतो.

रेघा का पडतात, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही. 1896 मध्ये राफाएल लीझेगांग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जिलेटिनच्या पातळ थरात पोटॅशियम डायक्रोमेट मिसळलं आणि त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. थेंब पसरत गेला तशी त्याच्याभोवती वलयं उमटली: एक रेघ, मग रिकामी जागा, मग पुढची रेघ. कुणी आखली नव्हती, आपोआप. एका ठिकाणी साका बसला की आजूबाजूचा माल तिथेच खर्च होतो, त्यामुळे पुढची रेघ काही अंतर सोडूनच पडते. अकीकही असाच बनतो अशी लीझेगांगची खात्री होती; 1915 मध्ये त्याने त्यावर एक पुस्तकच काढलं. आजच्या भूवैज्ञानिकांना एवढ्यावर समाधान नाही. काही म्हणतात सिलिकेचं पाणी टप्प्याटप्प्याने आलं, काही म्हणतात रेघा स्फटिक वाढतानाच पडतात. अजून एकमत नाही. हडप्पाकाळापासून माणूस ज्याचे मणी ओवतो आहे, त्या दगडाच्या रेघांवरून अजून वाद चालतो, हे मला फार आवडतं.

काही गारगोट्यांत रेघांऐवजी हिरवं-काळं शेवाळ अडकल्यासारखं दिसतं. ते शेवाळ नव्हे, वनस्पतीही नव्हे. लोह आणि मँगनीजची संयुगं दगडात शिरताना अशी फांद्याफांद्यांनी वाढतात. विटेन आणि सँडर या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये संगणकावर एक खेळ मांडला: एक कण स्थिर ठेवायचा, बाकीचे वाट फुटेल तसे भटकू द्यायचे, आणि जो येऊन धडकेल तो तिथेच चिकटवायचा. पडद्यावर झाड उगवलं. कारण साधं होतं. जे टोक जरा पुढे आलेलं असतं, त्याला भटका कण आधी सापडतो आणि ते आणखी पुढे जातं. मागच्या खाचेपर्यंत कुणी पोचतच नाही.

इथे एक इशारा द्यायला हवा. पैनगंगेचा नकाशा काढला तर तोही झाडासारखाच दिसतो, ओढे नाल्यांना, नाले नदीला. म्हणून दोन्हींचं कारण एक होत नाही. नदी जमीन खणत जाते, मँगनीज कण जोडत जातो. निसर्गातली नक्षी म्हटलं की ‘सगळीकडे एकच सूत्र’ असं सांगणाऱ्यांचा सध्या सुळसुळाट आहे, आणि त्यांचं लाडकं उदाहरण म्हणजे शंखातलं सुवर्ण गुणोत्तर. सुवर्ण गुणोत्तराने आखलेलं वळण एका पूर्ण वेढ्यात जवळजवळ सातपट रुंदावतं. नॉटिलस या समुद्री प्राण्याचा शंख एका वेढ्यात साधारण तिपटीने. झालं! पट्टी घेऊन मोजायला पाच मिनिटं लागतात, पण मोजतं कोण?

शंखाची खरी गोष्ट सुवर्णाशिवायही चमकदार आहे. थडीवरच्या चिखलात गोगलगायींचे रिकामे शंख सापडतात, नखाएवढे, कधी बोराएवढे. एक हातात घ्या. गोगलगायीला शंख मधूनच ताणून मोठा करता येत नाही. नवा माल ती फक्त तोंडाच्या काठावर लावू शकते. त्यातही काठाच्या बाहेरच्या बाजूला थोडा जास्त, आतल्या बाजूला थोडा कमी. एवढा एकच नियम जन्मभर पाळला की शंख वळत वळत मोठा होतो आणि आकारमान कितीही वाढलं तरी घाट तोच राहतो. पिल्लाचा शंख पुसला जात नाही, तो टोकाशी तसाच असतो. चकलीचे वेढे सारख्या अंतराने पडतात. शंखाचे वेढे ठरावीक पटीने रुंदावत जातात. या रुंदावणाऱ्या वळणावर गणिती याकोब बर्नुली इतका लुब्ध होता की ते आपल्या समाधीवर कोरावं अशी त्याची इच्छा होती. 1705 मध्ये तो गेला. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या पाथरवटाने कोरलं ते मात्र चकलीचं वळण! ते आजही तिथे आहे.

आता शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करा. तोंड उजव्या हाताला आलं तर शंख उजवा. नदीकाठी मिळणारे बहुतेक असेच निघतील. जगातल्या बहुसंख्य गोगलगायी उजव्या आहेत. देव्हाऱ्यातला दुर्मीळ दक्षिणावर्ती शंख प्राणिशास्त्राच्या हिशेबाने डावा ठरतो, कारण पूजेतला माणूस तो उलटा धरून पाहतो. गोगलगाय डावी की उजवी हे तिच्या स्वतःच्या जनुकांवर नाही, आईच्या जनुकांवर ठरतं, असं 1923 मध्येच ध्यानात आलं होतं. 2019 मध्ये जपानच्या आबे आणि कुरोदा यांनी तळ्यातल्या एका जातीच्या गोगलगायीत एकच जनुक बिघडवून दाखवलं, आणि उजव्यांच्या पोटी डावी पिल्लं आली.

हे सगळं विदर्भात सांगायला एक खास कारण आहे. लाव्हा एकदम आला नाही. एक लोट येई, मग खंड पडे. त्या काळात थंड झालेल्या खडकावर तळी साचत, त्यांत गोगलगायी नांदत, आणि पुढच्या लोटाखाली सगळं गाडलं जाई. मद्रासच्या फौजेतले डॉक्टर मॅल्कमसन यांनी पैनगंगेच्या दक्षिणेकडच्या डोंगरांतून असे शंख गोळा केले. 1840 मध्ये त्यांचं वर्णन छापून आलं. पुढे नागपूरच्या हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांना ते टाकळीला मिळाले. त्यांतला नावाजलेला फायसा प्रिन्सेपी हा शंख चक्क डावखुरा आहे. डायनासोर अजून जमिनीवर फिरत होते तेव्हा आपल्या भागातल्या तळ्यांत डाव्या वळणाच्या गोगलगायींचा सुकाळ होता.

आता पुन्हा थडीवर. रेतीवरच्या लहरींबद्दल थोडक्यात. लहरीची एक बाजू लांब उताराची, दुसरी आखूड आणि खडी. खडी बाजू ज्या दिशेला, त्या दिशेला पाणी गेलं. नदी आटली तरी तिची चाल अशी वाचता येते.

काठावरून वर आलात की शेतातल्या भेगा. विदर्भातल्या माणसाला यांचं कौतुक नाही, मे महिन्यात पाय मुरगळतो तो त्यांच्यातच. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. पहिली भेग पडली की तिच्या आजूबाजूचा ताण सुटतो. दुसरी भेग तिला येऊन मिळते ती बहुधा काटकोनात. पण ओलं-सुकं, ओलं-सुकं असं पुन्हा पुन्हा होत राहिलं तर काटकोन हळूहळू वळतात आणि तीन भेगा समान कोनांत, 120 अंशांत, एकत्र येऊ लागतात. 2010 मध्ये लुकास गोरिंग आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत चिखल पुन्हा पुन्हा वाळवून हे दाखवलं. 2023 मध्ये क्युरिऑसिटी यानाने मंगळावर टिपलेल्या षट्कोनी भेगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोन मोजून शास्त्रज्ञांनी सांगितलं की तिथला चिखल एकदा वाळून थांबला नव्हता, ओला-सुका होत राहिला होता. मंगळावरचे ऋतू त्यांनी भेगांच्या कोनांवरून वाचले!

आणि आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणी तालुक्यात शिबला-पार्डीजवळ, बसाल्टचे कोनदार खांब उघडे पडल्याची बातमी 2022 मध्ये आली होती. तेही भेगांचंच काम, फक्त तिथे आक्रसला तो थंड होणारा लाव्हा. भेग जसजशी खोल उतरते तसतसे तिचे कोन सुधारत जातात आणि खडकाचे खांब पडतात. याच जातीचा खडक कुजून आपली काळी माती झाली. खडक निवताना तडकला होता, त्याची माती वाळताना तडकते.

जायचं असेल तर नदीचं पाणी उतरल्यावर, पण वरच्या इसापूर धरणातून पाणी सुटणार नाही याची चौकशी करूनच पात्रात उतरा. खिशात एक भिंग आणि पाण्याची बाटली असू द्या, गोटा ओला केल्याशिवाय रेघा उठून दिसत नाहीत. खांबांसारख्या गोष्टींवर हातोडा चालवू नका; सुटा गोटा उचलायला हरकत नाही. आणि नदीवर जाणं जमलंच नाही, तर गल्लीत कुणाचं तरी बांधकाम चालू असेलच. रेती चाळून झाल्यावर चाळणीवर जे उरतं ते मागून घ्या. गवंडी तसंही ते फेकूनच देतो.