परवान्याची वाट पाहणारीं घरें

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलांतील अमेरिकन वकिलातींतून बाहेर पडणाऱ्या माणसांचे चेहरे पाहिले म्हणजे कोणाचें काम झालें आणि कोणाचें राहिलें, हें न विचारतां समजतें. परंतु त्यांत तिसऱ्या प्रकारचेहि कांहीं चेहरे असतात. मुलाखत बरी झालेली असते, अधिकाऱ्याचें बोलणें सौजन्याचें असतें, विवाहाचीं छायाचित्रें पाहून त्यानें एखादें स्मितहि केलेलें असतें. आणि शेवटीं हातांत एक छापील चिठ्ठी पडते. प्रकरणाची आणखी चौकशी व्हावयाची आहे, ती पुरी झाल्यावर कळविण्यांत येईल, एवढेंच तींत असतें. किती दिवसांनीं, तें लिहिलेलें नसतें. रात्रीच्या गाडीनें रत्नागिरीस परतणारी नवविवाहिता ती चिठ्ठी पुन्हां पुन्हां वाचते आणि सकाळीं घरीं गेल्यावर सासूबाईंना काय सांगावें, याचा विचार करीत बसते.

रत्नागिरीला वाट पाहणें नवें नाहीं. मुंबईस गिरणींत चाकरीला गेलेला नवरा शिमग्यास किंवा गणपतीस येणार, पावसाळ्यांत आगबोटी बंद म्हणून पत्रें उशिरां येणार, महिन्याकाठीं मनीऑर्डर येणार, ह्या हिशेबावर ह्या जिल्ह्यांतील बायकांनीं पिढ्यान् पिढ्या संसार केले. परंतु त्या वाट पाहण्याला पंचांग होतें. नारळी पौर्णिमा आली कीं समुद्र शांत होणार, हें सर्वांना ठाऊक होतें. चौकशीच्या चिठ्ठीला पंचांग नाहीं, आणि तिचें सारें दुःख तेथेंच आहे. विवाहाचे प्रश्न सरकारी टपालांत अडकलेलेहि ह्या शहरानें पाहिले आहेत. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ सालीं निवर्तेपर्यंत येथें नजरकैदेंत होता; त्याच्या राजकन्यांचीं वयें वाढत गेलीं आणि त्यांच्या लग्नाचा विचार राजाच्या अटी व सरकारचा पत्रव्यवहार यांमध्यें घोळत राहिला.

पत्नीनें पतीकडे जावें कीं नाहीं, हें परक्या देशाच्या अधिकाऱ्यानें ठरवावें, ही गोष्टहि आजची नव्हे. दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउन येथें कोंकणांतून गेलेल्या मुसलमान कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्याच केपच्या न्यायालयांत न्यायमूर्ति सर्ल यांनीं १४ मार्च १९१३ रोजीं असा निकाल दिला कीं, बहुपत्नीकत्वाला मान्यता देणाऱ्या धर्माप्रमाणें झालेला विवाह तेथील कायद्याला मान्य नाहीं. एका निकालासरशीं हिंदी स्त्रियांचें पत्नीपण कागदावरून पुसलें गेलें. त्या वर्षींच्या सत्याग्रहांत कस्तुरबा गांधी तुरुंगांत गेल्या, त्याचें एक कारण हा निकाल होता. रत्नागिरी जिल्ह्यांत कोतळूक येथें जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले आदल्याच वर्षीं त्या देशाचा दौरा करून आले होते, आणि तेथील हिंदी लोकांची बाजू येथें त्यांनींच लावून धरली. १९१४ च्या कायद्यानें एक पत्नी मान्य झाली. पुढें इंग्लंडांत १९७९ सालीं वाग्दत्त म्हणून आलेल्या एका हिंदी स्त्रीची विमानतळावर कौमार्यतपासणी झाल्याचें उघडकीस आलें आणि तो प्रकार बंद करावा लागला. त्याच देशानें २०१२ सालीं पतिपत्नींच्या परवान्यासाठीं वार्षिक १८,६०० पौंड उत्पन्नाची अट घातली. एप्रिल २०२४ मध्यें ती २९,००० पौंडांवर गेली. प्रत्येक काळाची गाळणी निराळी. आजच्या गाळणीचें नांव चौकशी हें आहे.

अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यांत २२१ वें कलम आहे. त्याच्या 'जी' ह्या पोटकलमान्वयें ही चिठ्ठी दिली जाते. तिचे दोन प्रकार ओळखावयास हवेत. एकांत एखादा कागद कमी असतो. तो एक वर्षाच्या आंत द्यावा लागतो, न दिल्यास सारें प्रकरण शुल्कासह नव्यानें मांडावें लागतें. दुसऱ्यांत कागद पुरे असतात, पण नांव निरनिराळ्या खात्यांकडे पडताळणीस जातें. ११ सप्टेंबर २००१ नंतर ही पडताळणी पुष्कळ वाढली. संगणकावर स्थिति पाहिली तर तेथें 'रिफ्यूज्ड', म्हणजे 'नाकारलें', असा शब्द दिसतो व घरांत रडारड होते. कायद्याच्या भाषेंत तो नकारच आहे, आणि पुढें कोणत्याहि अर्जांत 'पूर्वीं परवाना नाकारला होता काय?' असें विचारल्यास 'होय' असेंच लिहावें लागतें. परंतु तो शेवटचा नकार नव्हे. चौकशी संपल्यावर त्याच प्रकरणावर परवाना देतां येतो.

चौकशी कोणाची होते, याचें कारण वकिलात सांगत नाहीं. तरी कांहीं गोष्टी अनुभवानें माहीत झाल्या आहेत. अणुविज्ञान, रसायन, जैवतंत्र असल्या शास्त्रांत शिक्षण वा नोकरी झालेल्यांचें प्रकरण सावकाश चालतें. कांहीं विशिष्ट देशांतील प्रवास आडवा येतो. आणि सर्वांत साधें, पण सर्वांत तापदायक कारण नांवाचें सारखेपण.

येथें महाराष्ट्राच्या चालीरीतींचा संबंध येतो. माहेरची सुमती लग्नांत सुनंदा होते, वडिलांचें नांव जाऊन पतीचें येतें, आडनांव बदलतें. म्हणजे तीनपैकीं एकहि शब्द कायम राहत नाहीं. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, पासपोर्टावर दुसरी, आणि ग्रामसेवकानें नोंदलेल्या विवाहाच्या दाखल्यावर तिसरी! त्यांत सावंत हें आडनांव रोमी लिपींत कोणी 'डब्ल्यू' घालून लिहितो, कोणी 'व्ही' घालून. कोंकणी मुसलमान घरांत नांवाआधींचा 'महंमद' एका कागदावर असतो, दुसऱ्यावर नसतो, आणि तो लिहिण्याच्या तऱ्हा तर पांच-सहा. हजारों मैलांवर बसलेल्या यंत्राला सुमती आणि सुनंदा एकच, हें कळावयाचें कसें? म्हणून अर्जांत 'इतर नांवें' असा जो रकाना असतो, तो लाजेनें वा कंटाळ्यानें कोरा सोडूं नये. लग्न ठरतांच, नांव बदलण्यापूर्वीं, पासपोर्ट कोणत्या नांवानें ठेवावयाचा याचा निर्णय करावा. पतीचें नांव घेण्याची कायद्यानें सक्ति नाहीं.

कांहीं अर्जदारांना 'डीएस-५५३५' नांवाची एक जादा प्रश्नावली येते. ती २०१७ सालीं सुरू झाली. मागील १५ वर्षांतील राहण्याचे पत्ते, नोकऱ्या, परदेशप्रवास आणि त्या प्रवासाचा खर्च कोणीं केला. आजवरचे सारे पासपोर्ट. भावंडांचीं व मुलांचीं नांवें. पांच वर्षांतील दूरध्वनि, ई-मेल आणि समाजमाध्यमांवरील नांवें, इतकें त्यांत पुसलेलें असतें. रत्नागिरीकडे ही प्रश्नावली पाहून सर्वांत अधिक घाम फुटावयाचा तो जहाजावर नोकरी केलेल्या माणसाला. पत्नी अमेरिकेंत परिचारिका, आणि पति दाभोळ किंवा जयगड भागांतला खलाशी. त्यानें पंधरा वर्षांत किती बंदरांत पाय ठेवला हें तो तरी कसें सांगणार? अशा वेळीं त्याची सी. डी. सी., म्हणजे खलाशाची नोंदवही, उपयोगी पडते. कोणत्या जहाजावर कोणत्या तारखेस चढला व उतरला हें तींत नोंदलेलें असतें, आणि त्यावरून बंदरांची यादी बरीचशी जुळवितां येते. जुनी वही भरली म्हणून टाकून देण्याची चूक पुष्कळांकडून होते. स्मरणांतून लिहिलेली तारीख जुन्या अर्जांतील तारखेशीं जुळली नाहीं, तर नवी शंका निघते. म्हणून दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घरीं ठेवावी. ज्यानें आखातांत एक वर्ष वा अधिक काढलें असेल, त्याला त्या देशाच्या पोलिसांचा दाखलाहि लागतो. तो तेथून निघण्यापूर्वींच घेतलेला बरा.

थांबण्याच्या काळांत कागदहि म्हातारे होतात. वैद्यकीय तपासणी सामान्यतः सहा महिनेच चालते. ती मुदत उलटली कीं पुन्हां मुंबईस जाऊन पुन्हां शुल्क भरावें लागतें. ह्यास्तव वकिलातीनें सांगितल्यावांचून ती घाईनें दुसऱ्यांदा करूं नये. विचारणा महिन्या-दीड महिन्यानें एकदां, थोडक्यांत, प्रकरण-क्रमांक घालून करावी. रोज पत्र लिहिल्यानें चौकशी वेगानें होत नाहीं. 'आंतून काम करून देतों' म्हणणारे दलाल मुंबईंत आहेत आणि रत्नागिरींतहि आहेत. चौकशी वॉशिंग्टनच्या खात्यांत चालते, तेथें त्यांचा हात पोहोंचत नाहीं. मधल्या काळांत प्रवासी परवाना मागून पाहण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. कायमचें जाऊं इच्छिणारी स्त्री परत येईल हें तिला सिद्ध करून दाखवावें लागतें, आणि तें बहुधा साधत नाहीं. त्यापेक्षां पतीनेंच येऊन जाणें सोपें. तो नागरिक असेल तर प्रश्नच नाहीं. ग्रीन कार्डावर असेल तर त्यानें सलग सहा महिन्यांपेक्षां अधिक बाहेर राहूं नये, नाहीं तर नागरिकत्वासाठीं मोजावयाच्या पांच वर्षांत खंड पडल्याचें धरलें जातें. तो नागरिक झाला तर पत्नीला वार्षिक संख्येची मर्यादा राहत नाहीं. चौकशी मात्र चुकत नाहीं.

फार दिवस गेले तर अमेरिकेंतील न्यायालयांत 'निर्णय तरी द्या' असा दावा लावतां येतो. कांहीं न्यायाधीशांनीं असे दावे ऐकून घेतले, कांहींनीं फेटाळले. खर्च बराच असतो. शिवाय न्यायालय निर्णय करा म्हणेल, होकार द्या म्हणणार नाहीं. जून २०२४ मध्यें मुन्योस खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें सांगितलें कीं, परदेशी जोडीदाराला देशांत आणणें हा नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे. विवाहाच्या पावित्र्याविषयीं तेथें एरवीं जें बोललें जातें, त्याच्याशीं हा निकाल विसंगत वाटतो. पण आज कायदा तसा आहे.

घरांतली बाजू ह्याहून नाजूक. हळदीकुंकवाला गेलें कीं 'कधीं जाणार?' हा प्रश्न ठरलेला. दोन वर्षांनीं तो 'कांहीं बिनसलें तर नाहीं ना?' असा होतो. सासरीं पतीवांचून राहणारी सून पाहुणी नव्हे आणि घरची माणसेंहि तिला पुरती घरची मानीत नाहींत. माहेरीं राहिली तर लोक बोलतात. चौकशीचा विलंब हा मुलीच्या पायगुणाचा विषय नाहीं, हें घरांतील वडील माणसांनीं चारचौघांत एकदां स्पष्ट बोलून दाखविलें तर तिचें निम्में ओझें उतरतें. तिनें नोकरी सोडूं नये. परवाना लागलेला पासपोर्ट हातांत पडेपर्यंत शाळेचा राजीनामा देणें म्हणजे होडी येण्यापूर्वीं धक्क्यावरून उडी टाकणें होय. रत्नागिरींत रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हां न्यूयॉर्कांत उन्हाळ्यांत सकाळचे अकरा आणि हिवाळ्यांत दहा वाजलेले असतात. बोलण्याची वेळ ठरलेली असावी, आणि त्या वेळांतला प्रत्येक शब्द परवान्याविषयीं नसावा. आमटींत मीठ जास्त झालें, शेजारच्यांची म्हैस व्याली, हेंहि दोघांना एकमेकांना सांगतां आलें पाहिजे. संसार बहुतांशीं असल्याच बोलण्याचा असतो.

ह्या विलंबाचा एक लाभहि आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. अमेरिकेंत पाऊल ठेवतांना विवाहाला दोन वर्षें पुरीं झालेलीं नसतील, तर पत्नीला दोनच वर्षांचें सशर्त कार्ड मिळतें. तें संपण्याच्या आधींच्या ९० दिवसांत दोघांनीं पुन्हां अर्ज करून विवाह खरा असल्याचे पुरावे द्यावे लागतात. दोन वर्षें उलटलेलीं असतील, तर पहिल्यापासूनच दहा वर्षांचें कार्ड मिळतें. म्हणून परवाना आला आणि लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाला दोन-तीन आठवडेच उरले असले, तर परवान्याची मुदत पाहावी. ती पुरत असेल तर विमानाचें तिकीट त्या वाढदिवसानंतरचें काढावें.