मुरगावच्या धक्क्यावरून दिवाडी बेटाकडे

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आम्हा मराठी मंडळींना समुद्राचे अप्रूप फार. हाटपिपल्यासारख्या गावात वाढलेल्या मुलाची जलयात्रा म्हणजे पर्वणीला नेमावरच्या घाटावर घडणारे नर्मदास्नान, आणि फार तर ओंकारेश्वरास नावेतून घातलेली मांधाता बेटाची फेरी. अलीकडे मात्र मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांची वार्ता आमच्या गावापर्यंत येऊन पोचली आहे. मुंबई-पुण्यास नोकरीनिमित्त राहिलेली मुले आईवडिलांस हौसेने तिकिटे काढून देतात, आणि ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही अशी मंडळीही एके दिवशी जहाजाच्या कठड्याशी उभी राहतात. जहाजावरच्या थाटाविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु जहाज बंदराला लागल्यावर हाती येणाऱ्या आठ-नऊ तासांचे काय करावे, याविषयी फारसे कोणी सांगत नाही. तेवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

जहाज गोव्यात लागते ते मुरगाव बंदरात, झुवारी नदीच्या मुखापाशी. तेथून प्रवाशांपुढे तीन वाटा असतात. पहिली, जहाजाच्या व्यवस्थेतून निघणारी सहल. ती सुखाची, पण खर्चाची. आणि पाहायचे काय व किती वेळ, हे दुसऱ्याने ठरविलेले. दुसरी वाट टॅक्सीची. बंदराच्या फाटकाशी आम्हांस जो आकडा सांगण्यात आला, तो ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी घरच्या चार महिन्यांच्या दुधाचा हिशेब तेथल्या तेथे मांडून दाखविला. तिसरी वाट सार्वजनिक बस आणि फेरीबोट यांची. याच वाटेने आम्ही गेलो, आणि तिच्याविषयीच येथे लिहावयाचे आहे.

पूर्वीची आगबोट

आज जी सफर चैनीची समजली जाते, ती मुंबई-गोवा जलवाट एके काळी गरिबांची होती, हे तरुण वाचकांस ठाऊक नसेल. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीस जाई. गिरणीत काम करणारा कोकणी माणूस गणपतीला आणि शिमग्याला डेकवर पथारी पसरून गावी जात असे. बहुतेक बंदरांत मोठी बोट धक्क्याला लागत नसे. भर समुद्रात उभी राही, आणि उतारू लहान पडावांतून किनारा गाठीत. पुढे रस्ते सुधारले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. आगबोटीचे युग तर त्याआधीच मावळले होते. समुद्रावरची ती सार्वजनिक वाहतूक गेली, तरी नद्यांवरची गोव्यात टिकून आहे.

टिकण्याचे कारण भूगोलात आहे. मांडवी आणि झुवारी या नद्या मुखाशी इतक्या रुंद होतात, आणि त्यांच्या खाड्यांनी बेटे अशी वेढली आहेत, की तरीवाचून गावांचा व्यवहारच चालू नये. मांडवीवर १९७० च्या सुमारास पूल झाला, पण ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. नवा पूल १९९२ मध्ये वाहतुकीस खुला होईपर्यंत पणजी आणि पलीकडची बेती यांच्यामधील माणसांचा भार मुख्यतः फेरीबोटींनीच वाहिला. आज मांडवीवर एकाहून अधिक पूल आहेत. तरी दिवाडी बेटाची भिस्त अजून तरीवरच आहे.

शेवटच्या घंटेपासून मागे

शाळेत आम्ही वेळापत्रक करतो, तेव्हा शेवटच्या घंटेपासून मागे येतो. जहाजाच्या मुक्कामात हीच रीत उपयोगी पडते. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची गाडी उशिरा आली, तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबते. आपल्या पायांनी गेलेल्या उतारूसाठी ते थांबत नाही. ते सुटले तर पुढचा प्रवास स्वखर्चाने करावा लागतो, आणि सामान मात्र आपल्यावाचून पुढे जाते.

आम्ही सात जण होतो. त्यांत चौऱ्याहत्तर वर्षांच्या आत्याबाई. सायंकाळी साडेपाचला सर्वांनी जहाजावर असावे, अशी सूचना होती. त्यावरून आम्ही मागे मोजीत आलो. बंदराच्या फाटकाशी, ओळखपत्राच्या तपासणीसाठी आणि अडीअडचणीसाठी, एक तास. म्हणजे वास्को साडेचारला गाठले पाहिजे. पणजी ते वास्को सुमारे तीस किलोमीटर. रांग आणि रहदारी धरून दीड तास. म्हणजे पणजीहून तीनला निघाले पाहिजे. जुने गोवे ते पणजी दहा किलोमीटर. बसची वाट पाहण्यासह पाऊण तास. म्हणजे दिवाडीच्या धक्क्यावर परतीची तर पावणेदोनच्या सुमारास धरली पाहिजे. हे वेळापत्रक आमच्या पुतण्याने एका कागदावर लिहून खिशात ठेवले. घड्याळाशी वाद घालावयाचा नाही, असे सर्वांनी आधीच कबूल केले होते.

कदंबांच्या वाटेने

बंदराच्या आवारात पायी हिंडता येत नाही. फाटकापर्यंत गाडीने सोडतात. तेथून स्थानिक बसने वास्को, आणि वास्कोहून पणजीची थेट बस. या बसचे तिकीट खिडकीवर आधी काढावयाचे आणि रांगेने चढावयाचे. मधे कोठे थांबा नसल्यामुळे वृद्धांस ती सोयीची. वास्कोत नोटा मोडून सुटे पैसे जवळ ठेवावेत, कारण पुढच्या लहान बसमध्ये त्यांची वारंवार गरज पडते.

गोवा सरकारच्या परिवहन महामंडळाचे नाव ‘कदंब’. १९८० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने आपले नाव गोव्यावर राज्य करणाऱ्या मध्ययुगीन कदंब राजघराण्यावरून घेतले. वास्कोहून निघालेली बस झुवारीवरचा नवा पूल ओलांडते आणि आगशी, थोरले गोवे यांवरून पणजीकडे वळते. हे थोरले गोवे म्हणजेच कदंबांची बंदर-राजधानी गोपकपट्टण. ज्या राजांची गलबते या खाडीतून दूरदेशी जात, त्यांचे नाव आज खिडकीत पिशवी धरून बसलेल्या कोळिणीला आणि शाळकरी मुलांना घेऊन त्याच वाटेने धावते. इतिहासाच्या शिक्षकास याहून बोलका धडा कोणता मिळणार?

पणजीच्या बसस्थानकावर जुन्या गोव्याच्या बस सतत सुटतात. वाट मांडवीच्या काठाने, सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेल्या लांबलचक बांधावरून रायबंदरला जाते. रायबंदराहूनही एक तर चोडण बेटाकडे जाते. तेथील खारफुटीच्या वनात डॉ. सालिम अली यांच्या नावाचे पक्षी-अभयारण्य आहे. ज्यांच्याजवळ वेळ थोडा, त्यांनी चोडणची एक फेरी करून परतावे, हे उत्तम.

आम्ही पुढे जुन्या गोव्यास गेलो. तेथील चर्च युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्य केली आहेत. त्यांच्यामागून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक दगडी कमान लागते. पोर्तुगालहून येणारे नवे व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात प्रवेश करीत. आज त्याच वाटेने दिवाडीचा माणूस बाजाराची पिशवी घेऊन तरीवर जातो.

तर आणि तिच्यातील माणसे

फेरीबोट म्हणजे एक सपाट लोखंडी तराफा. पुढची फळी धक्क्याच्या उतारावर टेकते. मोटारी आणि दुचाक्या मधोमध उभ्या राहतात, माणसे कडेच्या बाकांवर. ही सेवा गोवा सरकारचे नदी परिवहन खाते चालविते, आणि दिवाडीच्या तरीवर पायी उतारूकडून एक पैसाही घेतला जात नाही. आत्याबाईंनी कमरेचा बटवा सोडला होता. खलाशाने हसून हात हलविला, तेव्हा त्या क्षणभर गोंधळल्या. फुकट काही मिळाले की त्यात खोट असावयाची, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव! पलीकडे पोचेपर्यंत जेमतेम काही मिनिटे लागली. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी आमची चौकशी केली, आणि त्यांच्या कोकणीस आमच्या माळवी वळणाच्या मराठीने उत्तर दिले. दोन्हीकडे समजले.

बेटावर वाहने विरळ. भातखाचरांमधून जाणारा सरळ रस्ता आणि पुढे टेकडीवर पिएदादचे पांढरे चर्च. एका गावकऱ्याने आत्याबाईंस आपल्या गाडीत आपणहून बसवून घेतले. आम्ही मागून पायी चढलो. वर पोचलो तेव्हा साडेबारा वाजत आले होते.

आता खरी कसोटी होती. या बेटावर येण्याचे आमचे कारण निसर्गशोभा नव्हते. दिवाडीच्या उत्तर भागात एके काळी सप्तकोटीश्वराचे देवालय होते. कदंब राजे आपल्या बिरुदांत ‘सप्तकोटीश्वर-लब्ध-वर-प्रसाद’ असे अभिमानाने लिहीत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या अमलात ते देवालय पाडले गेले, आणि भक्तांनी शिवलिंग नदीपलीकडे डिचोलीच्या हद्दीतील नार्वे येथे नेले. तेथेच १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी देवालयाचा जीर्णोद्धार आरंभिला. त्याचा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. अलीकडे गोवा सरकारने या देवालयाचे जतनकाम करून २०२३ मध्ये ते पुन्हा भक्तांस खुले केले. देवास-धारच्या पवारांच्या आणि इंदूरच्या होळकरांच्या छायेत वाढलेल्या मराठी कुटुंबास नार्व्याची ओढ का असावी, हे वाचकांस सांगणे नलगे.

दिवाडीहून नार्व्यास दुसरी तर जाते. टेकडीवरून त्या धक्क्यापर्यंत आत्याबाईंच्या पावलांनी तासाहून अधिक, पुन्हा नदी, पुन्हा चाल. पुतण्याने खिशातील कागद काढला. कोणी काही बोलेना. दोघा तरुणांनी पळत जाऊन यावे, अशी एक सूचना निघाली. पण सर्वांस ती गैर वाटली. एकत्र निघालेल्यांनी एकत्र परतावे, हा घरचा नियम. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, “अरे, देवसुद्धा इथून पलीकडे गेला तो नावेतूनच ना? मग माझा नमस्कारही जाईल.” त्यांनी उत्तरेकडे तोंड करून हात जोडले, आणि आम्ही उतरू लागलो. पावणेदोनची तर मिळाली. पणजीच्या रांगेत अर्धा तास गेला, तोही हिशेबात धरलेला होता. पाचच्या आत आम्ही फाटकाशी होतो.

राज्याने वाहिलेला माणूस

या एका दिवसाने आमच्या मनात एक विचार रुजविला. आमच्या मध्य प्रदेशात राज्य परिवहन निगम बंद करण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला, आणि पुढील काही वर्षांत त्याच्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. खासगी गाड्या धावतात, पण त्या भरल्यावाचून सुटत नाहीत. आणि जेथे उतारू थोडे, तेथे त्या जातच नाहीत. आज आमच्या शाळेत दहावीत बसलेल्या मुलांनी सरकारी बस पाहिलेली नाही. नवी सार्वजनिक बससेवा उभारण्याच्या योजनेस राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली आहे, ही आशेची गोष्ट. आडगावच्या ज्या मुली आठवीनंतर शाळा सोडतात, त्यांपैकी कित्येकींच्या घरी कारण विचारावे, तर उत्तर एकच येते: जाण्यायेण्याचे साधन नाही. दिवाडीच्या तरीवर आम्ही गणवेशातील मुली पाहिल्या. त्या निर्धास्तपणे कठड्याला टेकून गप्पा मारीत होत्या. त्यांच्या शिक्षणाच्या आड आलेली नदी राज्याने आपल्या खर्चाने ओलांडून दिली होती. अशा वाहतुकीचा जमाखर्च केवळ तिकिटाच्या पैशांत मांडता येत नाही.

ज्या वाचकांस असा योग येईल, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करतो. जहाजावर परतण्याची वेळ कागदावर लिहून घ्यावी, आणि जहाजावरचे घड्याळ व आपले घड्याळ एक आहे ना, हे पाहावे. ओळखपत्र व जहाजाचे कार्ड अंगावर ठेवावे. बसच्या व तरीच्या वेळा त्या दिवशी धक्क्यावर विचारूनच पाऊल पुढे टाकावे. पावसाळ्यात तर अवश्य. बरोबर वृद्ध असतील, तर पल्ला त्यांच्या चालीने मोजावा. आणि ज्यांना नार्व्याचे दर्शन घ्यावयाचे आहे, त्यांनी ते जहाजाच्या मुक्कामात बसविण्याचा हट्ट धरू नये; त्यासाठी गोव्यात एक रात्र निराळी राखावी. आमच्या घरी पुढील दिवाळीच्या सुट्टीत तसे ठरले आहे, आणि आत्याबाईंनी बटवा आतापासूनच बांधून ठेवला आहे.