'इवलेसे' लिहा, फोटो आपोआप लहान! विकिपीडियाचे पान नेमके तयार कसे होते?

नाशिक : २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा भरणार आहे. पांडवलेणी, पंचवटी, काळाराम मंदिर यांची माहिती मोबाइलवर शोधली की अनेकदा विकिपीडियाचे पान समोर येते. फोटो, शीर्षके आणि लिंक असलेले हे पान मुळात साधा मजकूर असतो. त्यात फोटो जोडायला कोडिंग यावे लागत नाही, मराठी यावे लागते. कसे ते जाणून घेऊया.

पडद्यामागे काय असते?

पानावरील 'संपादन'चा 'स्रोत' पर्याय उघडला की खुणा दिसतात. == इतिहास == असे लिहिले की शीर्षक होते. '''पांडवलेणी''' लिहिले की अक्षरे ठळक होतात. [[नाशिक]] लिहिले की त्या पानाची लिंक तयार होते. मीडियाविकी हे सॉफ्टवेअर या खुणा वाचून ब्राउझरला समजणारे एचटीएमएल बनवते. शीर्षकांवरून अनुक्रमणिकाही तेच तयार करते.

मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. त्यावर या सूचना मराठीतही देता येतात. उदाहरणार्थ :

[[चित्र:फाइलचे नाव|इवलेसे|पांडवलेणी, नाशिक]]

'इवलेसे' म्हणजे लहान चौकटीतला फोटो. शेवटचा भाग फोटोखालची ओळ होतो.

मग फोटो कुठे असतो?

मजकुरात फोटो नसतो, फक्त त्याचे नाव असते. मूळ फाइल बहुतेक वेळा विकिमीडिया कॉमन्स या सामायिक भांडारात असते. पान उघडताना सर्व्हर तिची लहान प्रत पाठवतो. त्यामुळे मूळ फोटो कित्येक एमबींचा असला, तरी वाचकाचा डेटा वाचतो. तोच फोटो मराठी, हिंदी, इंग्रजी अशा सर्व पानांवर वापरता येतो. मात्र कॉमन्सवरून फाइल हटवली, तर ती सगळीकडून जाते.

थेट एचटीएमएल का नाही?

एक खूण चुकली तर अख्खे पान विस्कटू शकते. शिवाय कोणी घातक स्क्रिप्टही घुसवू शकतो. म्हणून सॉफ्टवेअर सुरक्षित तेवढेच स्वीकारते. साध्या मजकुरात कोणी काय बदलले, हेही ओळीनुसार तपासता येते.

व्हिडिओ चालतो का?

चालतो, पण मोबाइलवर शूट केलेली एमपी४ फाइल कॉमन्स घेत नाही. या प्रकारातील तंत्रावर पेटंट आहेत. त्यामुळे व्हिडिओ आधी वेबएममध्ये बदलावा लागतो. आवाजासाठी एमपी३ आणि ऑग हे प्रकार चालतात.

खरी अडचण हक्कांची

खूण लिहिणे सोपे, पण फोटो कोणाचा हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो टाकला, तर तो हटवला जाण्याचीच शक्यता जास्त. स्वतः काढलेला फोटो मुक्त परवान्याखाली देता येतो. मात्र तो इतरांना व्यावसायिक कामासाठीही वापरता येईल, हे आधीच लक्षात घ्यावे.

नाशिककर कुसुमाग्रजांची अख्खी कविता पानावर टाकता येईल का? सध्या नाही. त्यांचे निधन १० मार्च १९९९ रोजी झाले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पुढील वर्षापासून ६० वर्षे, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत, त्यांच्या साहित्याचे हक्क कायम आहेत.

सुरुवात कशी कराल?

विकिपीडियावर खाते उघडा आणि आधी 'धूळपाटी'वर सराव करा. खुणा नको असतील तर दृश्य संपादक वापरा. मग आपल्या परिसरातील घाट, वाडा किंवा लेणीचे पान शोधा. फोटो नसेल, तर स्वतः काढून जोडा. कुंभमेळ्याला येणाऱ्या भाविकांना त्याचा नक्कीच उपयोग होईल.